पारी, पाक आणि भट्टी

टार्ट म्हणजे भरपूर मोहन घातलेल्या मैद्याची भाजलेली वाटी आणि तिच्यात भरलेले सारण. छोट्या टार्टची वाटी जेमतेम दीड-दोन इंचांची असते. आत आटवलेले चॉकलेट आणि वर मार्शमेलोचा पांढरा, दाबला की परत वर येणारा थर. नाव परके आहे, पण सातारा-सांगलीच्या स्वयंपाकघरांना यातले बहुतेक काम पूर्वापार येते. पिठाला तूप चोळणे, पारी पातळ पण न फाटेल अशी लाटणे, सारण आटवणे, पाकाचा थेंब पाण्यात टाकून गोळी होते का ते पाहणे, ही सगळी करंजी, चिरोटे आणि लाडू करणाऱ्या हातांची कामे. या घरांत फक्त चारी बाजूंनी कोरडी आच देणारी बंद पेटी नव्हती. त्यामुळे इथल्या भाजक्या गोडाचा इतिहास हा बराचसा भट्टीचा इतिहास आहे. ती आधी डोंगरावर आणि छावणीत होती, मग बाजारपेठेत आली आणि फार उशिरा घरात शिरली.

सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे असले तरी खाण्यापिण्याच्या बाबतीत त्यांना वेगळे काढणे कठीण आहे. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याची विभागणी होऊन दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. दोन्हीकडे कृष्णाकाठचा ऊस, गूळ आणि खपली गहू, दोन्हीकडे म्हशीचे दूध भरपूर. गोडाची तऱ्हा या मालावरून ठरली. दूध आटवून पेढे, गुळाची पुरणपोळी, खपलीची खीर. चुलीवर आणि वैलावर जे होते ते तव्यावर शेकलेले, कढईत तळलेले किंवा मोदकपात्रात उकडलेले. भाजणे म्हणजे रवा, बेसन, खवा कोरडे परतणे. वरून आच देण्याची सोय चुलीत नसते.

दिवाळीच्या फराळातली करंजी आणि चिरोटा मात्र टार्टच्या अगदी जवळ येऊन थांबतात. करंजीच्या पारीत घातलेले कडकडीत मोहन पिठाच्या कणांना तुपाचे अस्तर देते, त्यामुळे पीठ चिवट होत नाही आणि तळल्यावर खुसखुशीत राहते. टार्टच्या वाटीत थंड लोणी मैद्याला चोळतात तेही याच कारणासाठी. चिरोट्यात तर आणखी पुढची युक्ती आहे. तूप आणि तांदळाची पिठी फेसून केलेला साटा एकावर एक ठेवलेल्या पोळ्यांना लावायचा, गुंडाळी करायची, तुकडे कापायचे आणि पुन्हा हलक्या हाताने लाटायचे. पापुद्रे सुटतात ते या साट्यामुळे. पफ पेस्ट्रीचे तत्त्व हेच आहे, फक्त ती भाजतात आणि चिरोटा तळतात. करंजीची कड कापणारे नक्षीदार चाकाचे कातण आणि पेस्ट्री कापायचे चाक ही दोन अवजारे शेजारी ठेवली तर कोणते कुठले हे सांगता येणार नाही.

घरात वरून आच देणे अगदीच माहीत नव्हते, असेही नाही. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या घरी श्रावणात होणारे निनाव हे त्याचे उत्तम उदाहरण. कणीक, डाळीचे पीठ, गूळ आणि नारळाचे दूध घोटून पातेल्यात थापायचे, पातेले मंद आचेवर ठेवायचे आणि झाकणावर निखारे पसरायचे. साताऱ्यात छत्रपतींच्या दरबारामुळे चिटणीसांसारखी कायस्थ घराणी स्थायिक झालेली होती, त्यामुळे ही रीत या गावाला परकी नव्हती. पण ती एका समाजाच्या एका सणापुरती राहिली. पातेल्याच्या झाकणावर मावतात तेवढ्या निखाऱ्यांवर रोजचा खाऊ होत नाही.

साताऱ्याची जगाला माहीत असलेली मिठाई म्हणजे कंदी पेढा. त्याचे वेगळेपण भाजण्यातच आहे. खवा कढईत पुन्हा पुन्हा परतून तो तपकिरी होईपर्यंत आणि त्याला खमंग वास सुटेपर्यंत आच दिली जाते. साखर कमी लागते आणि ओल जवळपास सगळी उडून गेल्याने पेढा साध्या पेढ्यापेक्षा जास्त दिवस टिकतो. प्रवासाला निघालेल्या माणसाबरोबर द्यायला तो म्हणूनच बरा. ‘कंदी’ शब्दाच्या व्युत्पत्त्या साताऱ्यात दोन-तीन तऱ्हांनी ऐकायला मिळतात. एवढे मात्र पक्के की संस्कृतातला ‘खंड’ म्हणजे खडीसाखर, त्याचा फारसीत ‘कंद’ झाला आणि तोच शब्द अरबी आणि फ्रेंचमधून फिरत इंग्रजीत ‘कँडी’ होऊन बसला. पेढ्याचे नाव यातल्या कोणत्याही वळणावर चिकटलेले असो, घराणे एकच.

भट्टी या भागात आली ती पाव खाणाऱ्यांच्या मागोमाग. सातारचे राज्य १८१८ नंतर इंग्रजांच्या देखरेखीखाली गेले, गावाबाहेर छावणी पडली. छावणी म्हटली की पावाची भट्टी आलीच. १८२४ साली साताऱ्याच्या फौजेचा अधिकारी लॉडविक महाबळेश्वरच्या डोंगरावर चढला. १८२९ साली मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने छत्रपती प्रतापसिंह महाराजांशी करार करून खंडाळा गावाच्या बदल्यात ही जागा घेतली आणि माल्कम पेठ वसली. पुढे उन्हाळ्यात मुंबई सरकारच इथे मुक्कामाला येऊ लागले. १८६० च्या दशकात जॉन चेसन याने खाली पाचगणीची वस्ती उभी केली. तिथे पाऊस महाबळेश्वरइतका कोसळत नसल्याने माणसे बारा महिने राहू शकत होती. पुढे तिथे निवासी शाळा आल्या. शाळा म्हणजे शेकडो मुले, रोजचा पाव आणि रविवारचे पुडिंग.

बंगल्यांतले खानसामे केक आणि टार्ट भाजायला शिकले ते याच काळात. सगळ्या बंगल्यांत विटांची भट्टी नसे. मुक्काम हलता असला की रॉकेलचा रिकामा डबा आडवा ठेवून, खाली-वर निखारे घालून त्याचाच ओव्हन करत. सहलीला किंवा शिकारीला निघालेल्या साहेबाच्या तळावर अशा डब्यात भाजलेला पाव मिळे. निनावाच्या पातेल्याचे आणि या डब्याचे तत्त्व एकच होते. तरी निनाव करणाऱ्या घरांतून टार्टकडे कोणी वळले नाही, आणि खानसाम्याची विद्या डोंगर उतरून पेठेतल्या घरात पोचली नाही. हीच गोष्ट सातारा, सांगली आणि मिरजेतल्या मिशन बंगल्यांची. साताऱ्यात अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे १८४९ पासून होते, मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांचे रुग्णालय १८९४ पासून. तिथल्या स्वयंपाकघरांतली भाजण्याची कला कुंपणाच्या आतच राहिली.

याचे कारण विटाळ. पावात ताडी असते, केकात अंडे असते, भट्टीवर कोणाचा हात लागतो कोण जाणे, असे तीन आक्षेप एकदम होते. किती टोकाचे, ते १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याला दिसले. पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींना चहा-बिस्किटे देण्यात आली. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे छापवून आणली आणि त्यावरून मोठे ग्रामण्य उभे राहिले. यादीत टिळक होते, रानडे होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि पुढे रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. पुण्यातल्या सुशिक्षितांची एका चहाच्या कपाने आणि बिस्किटाने ही दशा, तर वाई किंवा तासगावातल्या घरात मैद्याची टार्ट भाजली जाण्याचा प्रश्नच नव्हता. मराठी छापील पाककृतींत मात्र इंग्रजी वळणाचे गोड पदार्थ १९१० च्या सुमारास दिसू लागतात. लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ या मुंबईच्या जाडजूड ग्रंथात त्यांना जागा मिळाली. मुंबईच्या पाठारे प्रभू घरांना भाजके पदार्थ सवयीचे होते. घाटावर अजून तो काळ यायचा होता.

घाटावर हा विटाळ मोडला नानकटाईने. तिच्यात अंडे नाही, ताडी नाही, पाणीसुद्धा नाही. तूप, साखर, पीठ, वेलदोडा. नावातला ‘नान’ फारसी आणि ‘खताई’ म्हणजे चीन, अशी फोड सर्वसाधारणपणे केली जाते. तिचे जन्मस्थान म्हणून सुरत सांगतात. तिथल्या डच वखारीला पाव पुरवणारी भट्टी पुढे दोटीवाला या पारशी घराण्याकडे आली, डचांचे बस्तान उठल्यावर पावाला गिऱ्हाईक राहिले नाही आणि वाळलेल्या पावाच्या मागणीतून कोरड्या बिस्किटांचा धंदा निघाला, अशी ती हकिकत आहे. सुरतेहून मुंबई आणि मुंबईहून घाटावर हा तिचा रस्ता. पश्चिम महाराष्ट्रात तिला दिवाळीच्या फराळात जागा मिळाली. परक्या पदार्थाला याहून मोठा मान नाही.

मात्र घरात ओव्हन नव्हता आणि बाजारातली विकत आणायची तर तूप कोणते, हात कोणाचा, हे प्रश्न राहतच होते. त्यावर सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरजेसारख्या गावांनी जो तोडगा काढला तो मोठा व्यवहारी होता. माल घरचा, भट्टी बेकरीची. विटांच्या घुमटाकार भट्टीत रात्रीच लाकडे पेटवून ती तापवलेली असे. निखारे-राख बाजूला ओढून पहाटे कडक आचेवर पाव लागत. मग उतरत्या आचेवर बटर आणि खारी. इथले बटर म्हणजे लोणी नव्हे, चहात बुडवून खायचे टणक गोल बिस्किट. दुपारी भट्टी मंद झाली की ती नानकटाईच्या योग्यतेची होई. दिवाळीच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत हीच वेळ गावाला वाटून दिलेली असे. घराघरातून पितळी किंवा पत्र्याचे डबे येत, कोणी सामान आणून भट्टीवाल्यालाच मळायला देई, कोणी घरून गोळे वळून आणी. मजुरी किलोवर. डब्यावर नावाची चिठ्ठी, ट्रेच्या कोपऱ्यातही चिठ्ठी, तरी अदलाबदल व्हायचीच. आणि शेजारणीच्या ट्रेमधल्या नानकटाईला आपल्यापेक्षा जास्त भेगा पडलेल्या दिसल्या की तिने तूप किती घातले याची चौकशी वर्षभर चाले.

घरी पीठ करायचे तर पहिला आणि सगळ्यात कष्टाचा भाग तूप फेसण्याचा. परातीत थिजलेले तूप घेऊन तळहाताच्या टाचेने एकाच दिशेने घोटत राहायचे. अर्ध्या तासात पिवळट तूप पांढरे होते, फुगते, हलके पडते. असे झाले की त्यात पुरेशी हवा शिरली, नाही तर हात पुन्हा परातीत. मग वस्त्रगाळ पिठीसाखर, मग दुप्पट मैदा आणि मूठभर रवा किंवा बेसन, चिमूटभर खायचा सोडा. गोळा मळायचा नाही, फक्त जमवायचा. मळला की मैदा चिवट होतो आणि नानकटाई दाताला लागते. सुपारीएवढ्या गोळ्या जरा दाबून, मध्ये चारोळी. भट्टीवाला लांब दांड्याच्या लाकडी फळीवर ट्रे आत सरकवी आणि वास बदलला की बाहेर ओढी. घड्याळ कोणी पाहत नसे. गरम नानकटाई उचलू गेले तर बोटांत भुगा होतो, म्हणून ट्रे निवेपर्यंत डबा घेऊन आलेल्या मुलांना दारात थांबावे लागे. तुटलेल्या चार त्यांच्या.

तुपाची जागा पुढे बहुतेक घरांत डालड्याने घेतली. हे वनस्पती तूप १९३७ साली बाजारात आले. खेड्यापाड्यांत त्याचे पिवळे डबे पोचले आणि रिकामे झाल्यावर तुळशीपासून रॉकेलपर्यंत सगळ्याला उपयोगी पडले. चवीच्या बाबतीत डालडा बदनाम आहे आणि ते योग्यच आहे. पण नानकटाईपुरते पाहिले तर तो साजूक तुपापेक्षा लवकर फेसला जातो आणि उन्हाळ्यातही घट्ट राहतो. भट्टीवाल्यांनी त्याला जवळ केले ते स्वस्ताईइतकेच या गुणांसाठीही. साखरेची गोष्ट उलटी. १९५० च्या दशकात वसंतदादा पाटलांच्या पुढाकाराने सांगलीत सहकारी साखर कारखाना उभा राहिला. १९६० च्या सुमारास साताऱ्याच्या रेठरे बुद्रुक येथे कृष्णा कारखाना आला. सगळा मुलूख उसाचा झाला, आणि तरीही पुढची कितीतरी वर्षे दिवाळीची जादा साखर घ्यायला रेशनच्या दुकानापुढे रांग लावावी लागे. ज्यांच्या शेतातून ऊस गेला तेही त्या रांगेत असत.

भट्टी घरात आणायची तर आधी तिची भाषा घरात यावी लागते. ते काम या भागात छापखान्याने केले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखान्याचे गाव वसवले. नांगर आणि चरकांच्या या किर्लोस्करवाडीतून १९२० साली ‘किर्लोस्कर’ मासिक निघाले आणि १९३० साली ‘स्त्री’. आधुनिक घर कसे असावे, आहारात काय असावे, बाईने वेळ आणि पैसा कसा वाचवावा, हे या मासिकांचे नेहमीचे विषय. कारखान्यातल्या पत्र्याच्या कपाटांची आणि लोखंडी पंपांची जाहिरात आणि घर सुधारण्याचे लेख एकाच अंकात असत. दूरच्या गावातली वाचक बाई त्यातून नवे पदार्थ आधी नावाने ओळखू लागली.

किर्लोस्करवाडीला लागून असलेल्या कुंडल गावी १९१३ साली कमलाबाई ओगले यांचा जन्म झाला. लग्नानंतर त्या सांगलीत आल्या. शाळेचे शिक्षण बेताचेच, पण हाताला असलेली चव आणि ती दुसऱ्याला समजावून सांगण्याची हातोटी विलक्षण होती. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, १९७० मध्ये, त्यांचे ‘रुचिरा’ किर्लोस्कर प्रकाशनाने काढले. मराठी स्वयंपाकघरात या पुस्तकाइतका ठसा दुसऱ्या कोणत्याही पुस्तकाचा नाही. लाखाच्या वर प्रती खपल्या आणि कमलाबाईंना ‘एक लाख सुनांची सासू’ म्हणू लागले. त्यांचे खरे काम मापांचे. शेर, छटाक आणि ‘अंदाजाने’ यांच्याऐवजी त्यांनी वाटी आणि चमचा हे माप धरले. तव्यावरच्या पदार्थाला अंदाज चालतो, कारण चव आणि रंग पाहून हात सावरता येतो. भाजका पदार्थ आत गेला की सावरायला काही उरत नाही. सोडा अर्धा चमचा की एक, एवढ्यावर सगळे ठरते. नेमके माप छापून घरात पोचल्यावरच केक, बिस्किट आणि टार्ट हे घरचे पदार्थ होऊ शकले. नवऱ्याच्या बदलीबरोबर गावोगाव आणि पुढे अमेरिकेत गेलेल्या मुलींच्या सामानात हे पुस्तक असेच. सांगलीचे माप त्यांच्याबरोबर तिकडे गेले.

घरात ओव्हन आला तो एकदम नाही. आधी जुगाड आले. जाड बुडाच्या पातेल्यात दोन बोटे वाळू पसरून, ती तापवून, तीत डबा ठेवायचा आणि झाकण घट्ट लावायचे. कृष्णेकाठची स्वच्छ धुतलेली वाळू एका डब्यात राखून ठेवलेली असे, ती वर्षानुवर्षे पुरे. मग प्रेशर कुकर आला आणि शिट्टी व रिंग काढून त्यातच केक होऊ लागले. वाळूच्या जागी मीठ आले. त्यानंतरची पायरी म्हणजे ॲल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन. त्याच्या झाकणाला मध्ये काचेची टिकली असते, तिच्यातून आत डोकावून पाहायचे. तापमानाचा काटा नाही, आच कमी-जास्त करायची सोय नाही, आणि वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. केक अर्धा फुगलेला असताना दिवे गेले की तो मधोमध बसे. तरी या बेढब भांड्यामुळेच घाटावरच्या मध्यमवर्गीय घरात भाजणे रुळले. छोट्या टार्टसाठी तो चांगलाच, कारण आच उंच नसलेल्या पदार्थाला खालून-वरून सारखी लागते. आताचे चौकोनी ओव्हन, काटा असलेले आणि गजर वाजवणारे, हे गेल्या पंचवीस-तीस वर्षांतले.

अंड्याचा अडसर याच काळात दूर झाला. आटवलेल्या गोड दुधाच्या डब्यांनी बिनअंड्याच्या केकची कृती घरोघर नेली. दुसरीकडे कर्नाटकातून आलेल्या अय्यंगार बेकऱ्यांच्या पाट्या सांगली, मिरज, कऱ्हाड, सातारा अशा सगळ्या गावांत दिसू लागल्या. बेंगलोर अय्यंगार असे नाव पाटीवर असले की इथे अंडे नाही, असे गिऱ्हाईक समजून चाले. १८९० मध्ये ज्या शंकेवरून एवढे रामायण झाले तिचे उत्तर शंभर वर्षांनी अशा पाटीवर रंगवलेले होते.

डोंगरावर दरम्यान फळांचा धंदा वाढत होता. इंग्रजांच्या बागांतून आलेली स्ट्रॉबेरी महाबळेश्वर-पाचगणीच्या लाल मातीत आणि थंडीत टिकली आणि पुढे गावोगावच्या शेतकऱ्यांनी ती उचलली. पीक हिवाळ्यापासून मार्च-एप्रिलपर्यंत. फळ दोन दिवसांत सुटते, म्हणून हंगामात उरलेल्या मालाचे करायचे काय हा प्रश्न सुरुवातीपासूनच होता. १९५९ साली किशोर व्होरा यांनी पाचगणीत जॅम करायला सुरुवात केली, तोच पुढचा ‘मॅप्रो’. जॅममागून सरबते, फळांच्या गराच्या चावून खायच्या गोळ्या आणि चॉकलेट असा माल तिथून बाहेर पडू लागला. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. सहलीवरून येणाऱ्याच्या पिशवीत पूर्वी चणे, मध आणि जांभळाचा रस असे. आता त्यात चॉकलेटचे खोके असते आणि साताऱ्यात थांबून घेतलेला पेढ्याचा पुडाही.

पण घरी चॉकलेट करायला लागणारा माल डोंगरावरून आला नाही. कॅडबरी कंपनी भारतात १९४८ मध्ये आली, अमूलचे चॉकलेट सत्तरीच्या दशकात. ही खायची चॉकलेटे होती, वितळवून साच्यात ओतायची नव्हेत. खऱ्या चॉकलेटमधले कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळते. वितळवून पुन्हा घट्ट करताना तापमान ठराविक टप्प्यांनी उतरवावे लागते, नाही तर वर पांढरट बुरा येतो आणि चकाकी जाते. मे महिन्यात सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो. तिथे हा उद्योग करणे म्हणजे उन्हात तूप वाळवण्यासारखे. यातून वाट काढली ती कंपाउंड चॉकलेटच्या लाद्यांनी. त्यात कोको बटरऐवजी वनस्पती चरबी असते. गरम पाण्याच्या भांड्यावर वितळवले, साच्यात ओतले, फ्रिजमध्ये ठेवले की झाले. पुणे जिल्ह्यातल्या मंचरच्या ‘मोर्डे’च्या लाद्या केकच्या सामानाच्या दुकानांत सर्रास मिळू लागल्या. घरगुती चॉकलेटचे शिकवणी वर्ग, दिवाळीला चकचकीत कागदात गुंडाळलेले चॉकलेटचे डबे, सगळे या लाद्यांवर उभे आहे. चवीला ते जिभेवर जरा मेणचट लागते, हे खरे. टार्टच्या सारणात साय किंवा लोणी घालून आटवले की तो मेणचटपणा कमी होतो.

मार्शमेलोचा प्रवास आणखी आडवळणाचा. मार्शमेलो हे आधी एका झाडाचे नाव. युनानी हकिमांच्या बटव्यातली खतमी ती हीच. तिच्या मुळ्यांचा बुळबुळीत रस घशाला उतारा म्हणून देत. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये हलवायांनी तो रस साखर आणि अंड्याच्या पांढऱ्याबरोबर घोटून मऊ मिठाई केली. लवकरच मुळीचा रस वगळून जिलेटिन वापरात आले. १९५० च्या दशकात अमेरिकेत ती यंत्रातून लांब नळीसारखी काढून कापू लागले आणि मग ती स्वस्त झाली. आजच्या मार्शमेलोत खतमीचा मागमूसही नसतो. जिलेटिन मात्र जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून होते, आणि सातारा-सांगलीच्या पुष्कळ घरांत तेथेच गाडे अडते. त्याला पर्याय घरात आधीपासून होता. उन्हाळ्यात दुधाची जेली करायला वाण्याकडून आणला जाणारा चायना ग्रास समुद्रातल्या शेवाळापासून होतो. त्याने घोटलेला मार्शमेलो जिलेटिनच्या मार्शमेलोइतका ताणला जात नाही, जरा तुटक होतो. पण टार्टवर थर द्यायला ताणाची गरज नसते.

मार्शमेलोच्या कृतीतली कठीण पायरी पाकाची आहे, आणि तिथे इथल्या बाईला शिकवण्यासारखे फारसे काही नाही. इंग्रजी पुस्तके सुमारे ११५ अंश सांगतात आणि त्यासाठी काचेचा तापमापक लागतो म्हणतात. मराठी घरात याला गोळीबंद पाक म्हणतात. एकतारी पाक अंगठा आणि तर्जनीत एक तार धरतो, तो रव्याच्या लाडवाचा. त्याच्या पुढे दोनतारी. आणखी आटला की पाण्याच्या वाटीत टाकलेला थेंब तळाशी जाऊन मऊ गोळीसारखा जमतो, बोटाने दाबता येतो. एवढ्यावर गॅस बंद करून, भिजवून उकळलेल्या चायना ग्रासवर पाकाची धार सोडायची आणि घोटत राहायचे. आधी ते पाणचट दिसते, मग दुधाळ, दहा-बारा मिनिटांत पांढरे आणि फुगीर. नानकटाईच्या तुपाने परातीत हेच केले होते. दोन्हीकडे हवा कोंडायची आहे, फक्त आता हाताच्या जागी विजेचे घोटणे फिरते.

पारी भाजण्याची रीतही जुन्या अनुभवावरूनच जमते. मैदा, त्याच्या निम्मे थंड लोणी, जराशी पिठीसाखर, दोन चमचे गार पाणी. गोळा अर्धा तास थंड ठेवून लाटायचा, वाटीच्या तोंडाने चकत्या कापायच्या आणि खाचदार साच्यांत बसवायच्या. तळाला काट्याने भोके पाडली नाहीत तर पारी करंजीसारखी फुगते. करंजीत तो गुण असतो, टार्टमध्ये दोष. गावोगावच्या कित्येक स्वयंपाकघरांत टार्टचे वेगळे साचे नसतात. तेथे इडलीपात्राच्या छोट्या वाट्या किंवा पत्र्याच्या चहाच्या गाळण्या वापरून काम भागवले जाते, आणि ते बरे भागते.

घरून विकणाऱ्या बायकांचा धंदाही आता यात आहे. अन्नसुरक्षा कायद्याखाली २०११ च्या नियमांनी वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या उत्पादकांना साधी नोंदणी पुरेशी ठरवली, त्यामुळे केक-टार्ट करणाऱ्यांना दुकानाची गरज राहिली नाही. मागणी हंगामी असते. वाढदिवस बारा महिने, पण खोके भरून टार्ट जातात ती दिवाळीपासून नाताळपर्यंत. पावसाळ्यात हे काम जवळजवळ थांबते. महाबळेश्वराकडून येणारी दमट हवा वाईपर्यंत, कधी साताऱ्यापर्यंत उतरते. मार्शमेलोतली साखर ही ओल ओढून घेते, वरचा थर चिकट होतो आणि दुसऱ्या दिवशी पारीही मऊ पडते. उन्हाळ्यात चॉकलेट सैल पडते. त्यामुळे छोटी टार्ट करायला खरे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि तेव्हाही भरलेले टार्ट दोन दिवसांत संपवावे लागते. कोऱ्या पाऱ्या मात्र हवाबंद डब्यात पंधरवडा टिकतात, म्हणून जाणत्या बायका पाऱ्या आधी भाजून ठेवतात आणि सारण मागणी आल्यावर भरतात. ज्यांच्याकडे मागणी मोठी आणि ओव्हन लहान, त्यांनी या पाऱ्यांचे ट्रे नानकटाईच्या दिवसांत पेठेतल्या भट्टीवर नेऊन भाजून आणायला हरकत नसते. पाव निघून गेल्यावरची दुपारची आच दोन्हींना सारखीच मानवते.